आईच्या पासवर्डातला माणूस

आमच्या घरात कॉम्प्युटर कळणारा एकच माणूस होता आणि दुर्दैवाने तो मी होतो. (महाडला कोर्स केला होता. सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी!) त्यामुळे दादा मस्कतला नोकरीला लागला तेव्हा आईला ई-मेल काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पोलादपूरला तेव्हा सायबर कॅफे नव्हता, म्हणून एसटीने महाडला, सलीमभाईंच्या कॅफेत गेलो.

तिथे मी आईला पासवर्ड या विषयावर व्याख्यान दिलं. "आई, पासवर्ड म्हणजे असा शब्द, जो तू जीव गेला तरी तोंडातून काढणार नाहीस. मला नाही, अण्णांना नाही, कोणालाच नाही!"

आईने थोडा विचार केला, मला तोंड फिरवायला लावलं आणि शाळेत शिकलेली इंग्रजी अक्षरं एका बोटाने शोधत तो शब्द घातला. पासवर्ड विसरला तर कॉम्प्युटरने काय विचारावं, हेही मी वाचून दाखवलेल्या प्रश्नांमधून तिनेच निवडलं आणि त्याचं उत्तरही मला न दाखवता घातलं. अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं!

पुढे ताईचं स्थळ आलं. मुलगा मस्कतला, दादाच्याच ओळखीतला. त्याच्या आईवडिलांनी ताईला पसंत केलं होतं. ताईला तर त्याचा फोटो इतका आवडला होता की तो बघून ती एकटीच हसायची. राहिला होता फक्त मुलाचा होकार. दादा त्याला विचारून आईला मेल करणार होता. मुलाच्या रजेत बसणारी तारीख एकच, आणि महाडचा हॉलवाला अण्णांना म्हणाला होता, "उद्या दुपारी बारापर्यंत सांगा, नायतर मी दुसऱ्या पार्टीला देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं एसटीत बसलो. म्हणजे ते तिघं सीटवर बसले आणि मी आईच्या चष्म्यावर.

कॅफेत पोचलो तेव्हा चष्म्याच्या फक्त काड्या शाबूत होत्या. आईला की-बोर्ड म्हणजे नुसता पाट दिसत होता.

"आई, तू पासवर्ड सांग. मी टाइप करतो."

"नाय सांगणार."

"अगं, ताईचं लग्न अडलंय!"

"तूच म्हणालास ना, जीव गेला तरी सांगायचा नाय?"

"ते लोकांना! मला सांग."

"तुला नाय, अण्णांना नाय, कोणालाच नाय!" आईने माझं व्याख्यान जसंच्या तसं मला परत केलं.

"बरं, एकेक अक्षर सांग."

"एकेक सांगितलं तरी तेच झालं ना रे!"

मग मी अंदाज सुरू केले. कुलदैवत झालं, ग्रामदैवत झालं, दादा, ताई, आमची म्हैस, मग मी. (माझ्या आधी म्हैस घालून बघा, असं सलीमभाईंनी सुचवलं होतं.) एकही चालेना! साडेअकरा वाजून गेले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे लग्न मोडलं असतं तर माझ्या बैठकीमुळे मोडलं असतं!

शेवटी मी 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं आणि समोर आलेला प्रश्न मराठीत करून मोठ्याने वाचला, "तुमच्या सर्वांत आवडत्या माणसाचं नाव काय?"

आई लाजली. तोंडाला पदर लावून लाजली!

दारात उभे असलेले अण्णा आत आले. "कोण हाय तो?"

"नाय सांगणार."

"माझ्यासमोर सांग!"

"तुमच्यासमोर तर मुळीच नाय!"

"आपल्या गावातला हाय?"

"हाय."

"कधीपासून ओळखतेस?"

"लग्नातच बघितला पयल्यांदा."

अण्णा मटकन स्टुलावर बसले. डोळे बारीक करून ते आपल्या लग्नाला आलेलं अख्खं वऱ्हाड एकेक करून तपासायला लागले.

सलीमभाईंची आई कोपऱ्यात पान लावत बसली होती. सगळा बाजार तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. ती हसायला लागली ती थांबेचना. "अरे येड्यांनो! बाई जीव गेला तरी कोणाचं नाव घेत नाय? नवऱ्याचं!"

मी झडप घालून टाइप केलं, 'धोंडू'. चूक!

"म्हंजे दुसराच हाय!" अण्णा पुन्हा उठले.

"थांबा हो!" खाला म्हणाली. "अगो, तू उखाण्यात घे ना! उखाण्यात चालतंय ना तुमच्यात?"

आई उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"काचेच्या पेटीत अडकलं माझ्या लेकीचं लगीन,
धोंडूरावांचं नाव घेते, आतातरी उघड गो मशीन!"

कॅफेत टाळ्या पडल्या. "नुसता धोंडू काय घालतोस?" आई माझ्यावर ओरडली. "राव लाव पुढं! वडील हायत तुझे!"

राव लावला आणि मेल उघडला. दादाने लिहिलं होतं, "मुलगा हो म्हणतोय. हॉल घ्या." ताई रडत रडत हसायला लागली. अण्णा अनवाणीच हॉलवाल्याकडे पळाले. परत आले ते पेढे घेऊन, आणि पेढ्यांच्या पुडीखाली लपवलेला गजरा घेऊन. अण्णांनी आईसाठी गजरा आणलेला मी त्याआधी कधीच बघितला नव्हता.

पेढा खाता खाता सलीमभाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "भाभींचा पासवर्ड काढायला अख्खा कॅफे कामाला लागला. या साहेबांचा मात्र आम्हा सगळ्यांना पाठ हाय. टाइप करताना मोठ्यानं बोलतात ना! सुनंदा."

"कोण हाय ती?" अण्णांनी विचारलं.

ती कॉम्प्युटरच्या कोर्सला माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं. सलीमभाईंच्या गिऱ्हाइकांना मात्र होतं. पुढे तिचं दासगावच्या मुलाशी लग्न झालं. मी जेवून आलो, आहेरही केला. पासवर्ड तेवढा अजून सुनंदाच आहे. तो बदलायचा कसा, हे मला येत नाही. वर्गात तो धडा झाला त्या दिवशी मी पुढच्या बाकाकडे बघत होतो!