बचावपटूचा वर गेलेला हात

टीव्हीवर एक ब्राझिलियन बचावपटू खेळत होता. देशोदेशीचे क्लब फिरून, केस विरळ झाल्यावर आपल्याकडे आलेला. चेंडू त्याच्या पायांतून निसटला, गोल झाला आणि त्याने हात वर केला.

"ऑफसाइड मागतोय," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो. कोल्हापूरच्या मैदानांवर बचावाला खेळताना गोल झाला की मी जन्मभर तेच करत आलोय.

"अहो, पंचाकडं कुठं बघतोय? गोलकीपरकडं बघतोय," बायको म्हणाली. "माझं चुकलं म्हणतोय."

गेल्या रविवारी आम्हा प्रौढांच्या सामन्यात माझ्यामुळे गोल झाला, आणि मी ओरडलो गोलकीपर बापूवर. तेव्हापासून बापू बोलत नाही.

आघाडीवाल्याची कारकीर्द गोलांवर उभी राहते. बचावपटूची बहुधा चुकीनंतर तो पुढच्या चेंडूसाठी कसा उभा राहतो, यावर.

या रविवारी चेंडू पुन्हा माझ्या पायांतून गेला आणि गोल झाला. या बाबतीत माझं सातत्य वादातीत आहे. मी बापूकडे बघून हात वर केला.

"हात काय दाखवतोस, म्हाताऱ्या? बॉल घे आन् पळ, मॅच बाकी हाय!"

बापू बोलला! चेंडू काखेत मारून मी मध्यरेषेकडे असा धावलो, जणू गोल मीच केला होता.