मंगलकाकू वाडीला निघाली

सायकल बसच्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "अक्का, ही पोरीच्या शाळेसाठी का?"

"न्हाई, माझ्याच शाळेसाठी," मंगलकाकू म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी आत शिरून खिडकीजवळ बसली.

रविवार होता. आम्ही घरची पाच माणसं वाडीला निघालो होतो. काकू, व्यंकटकाका, आजी, काकूचा मुलगा संघपाल आणि मी. सायकल माझी, आठवीत शाळेतून मिळालेली. मी शिकायला कलबुर्गीला गेले आणि ती कडब्यामागं पडून राहिली. संघपालनं तिला नवे टायर घातले. काकूनं पितळी तांब्या घासावा तशी ती चिंचेनं घासली होती.

काकू आमच्या गावची आशा, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, आणि सगळी फिरती पायी. माहेरी खजुरीत सायकली होत्या, पण त्या भावांच्या. तिनं फक्त त्या पुसल्या होत्या.

वाडीच्या आशाची जागा मोकळी झाली तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं काकूला विचारलं, "दोन्ही गावं सांभाळशील? पण सकाळी वाडी आटपून परत इकडं यायला पाहिजे. महिन्याभरात सांग." डांबरी रस्ता लांबून वळसा घालतो, आणि सकाळी गेलेली बस दुपारशिवाय परत येत नाही. काका रेल्वेत गेटमन, त्याची ड्यूटी पहाटेची, म्हणजे सकाळी तिला गाडीवर सोडणंही जमायचं नाही. काकूला मात्र ही वाडी हवीच होती. गेल्या पावसाळ्यात निरोप आला तेव्हा ती चिखल तुडवत तिथं गेली, पण पोचायच्या आत बाळंतपण उरकलं होतं. आई-बाळ सुखरूप होती, तरी काकू त्या दिवशी जेवली नव्हती.

राहता राहिली ती जुनी खडीची लाईन. वाडीच्या वरच्या खाणीतून मोठ्या लाईनीपर्यंत खडी आणायला कधीकाळी रूळ टाकले होते. खाण बंद पडली, रूळ उचलून नेले, आणि वाडीहून आमच्या गावापर्यंत मुरुमाची सरळ वाट तेवढी राहिली. महिनाभर काकू घरामागच्या खळ्यावर गोल गोल सायकल फिरवत होती. वाटेवर आज पहिल्यांदा: बसनं वाडीला, सायकलनं घरी. सिस्टरला सांगायची मुदत उद्या संपत होती.

"रेल्वेची वाट म्हंजे परातीवानी सपाट," काका बसमध्ये चारदा म्हणाला. "त्यावर म्हैससुदिक सायकल चालवंल."

"म्हंजे मी म्हैस का?"

"आता मी नाव घेतलं का कुणाचं?"

वाडीत उतरलो. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती. काकूनं साडीचा काठ खोचला, पिशवी पाठीवर घेतली. संघपालनं मागून सीट धरली.

"सोडू नको हं."

"न्हाई सोडत."

त्यानं कधी सोडली ते तिला कळलंच नाही. सायकल निघाली ती निघालीच. पिशवी पाठीवर उड्या मारत होती, घंटी विनाकारण वाजत होती. "सरका, सरका!" काकू ओरडत होती आणि पुढं चिटपाखरू नव्हतं. आम्ही धावत सुटलो. गाडीवाट आडवी आली तिथं काका सायकल निघायच्या आधीच पुढं जाऊन उभा होता. त्यानं लाल टॉवेल आडवा धरून एका बैलगाडीला थांबवलं होतं.

"कामून थांबवलास, व्यंकट?" गाडीवान कल्लप्पा म्हणाला.

"एक्स्प्रेस यायली."

एक्स्प्रेस निघून गेली. कल्लप्पानं उठून टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या वाटेवरच्या दगडी पुलाशी काकू थांबली, म्हणजे बांधावर टेकली. तोंड लाल, केस विस्कटलेले. "आली मला! मला सायकल आली!" तिनं सिस्टरला लावायला फोन काढला, पण मग म्हणाली, "थांबा. रोज जायचंय वाडीकडं. तिकडं तोंड करून एकदा जाते, मगच सांगते."

तिनं सायकल फिरवली. आणि सायकल हलेना. दोन पायडल मारले की चाक डगमगायचं आणि तिचा पाय खाली यायचा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती तुरीत आडवी झाली.

"मघा आली की. आता कामून येईना?"

तिनं कोपराची माती झाडली, फोन पिशवीत ठेवला आणि पुलावर बसली. "उद्या न्हाई म्हणून सांगते."

काका हळूच म्हणाला, "मी ड्यूटी बदलून मागतो. सोडत जाईन तुला."

"आणि बदलून न्हाई दिली तर?" काकूनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

आजीला असल्या तोंड पाडून बसण्याचा कंटाळा. "सायकल कुठं पळून चालली न्हाई. शेंगा खा आधी." तिनं डब्यातून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढल्या आणि हात धुवायला काकूच्या हातावर तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी वाटेवर सांडलं. ते जागच्या जागी मुरलं नाही. त्याची एक बारीक धार काकूच्या चपलेला वळसा घालून आमच्या गावाकडं निघाली.

काकू त्या धारेकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःच तांब्या घेतला आणि पुन्हा ओतलं. पाणी पुन्हा घराकडंच.

"आवो, गेटमन," ती म्हणाली, "तुमची परात तिरपी हाय."

काकानं डोक्याला हात लावला. "खडीनं भरलेले डबे खाली जायचे की गं. रिकामे वर. उतार तर असणारच."

"म्हंजे येताना मी न्हाई चालवली. उतारानं आणली मला." ती हसली नाही. उठली. "सीट धरू नको रे, संघपाल."

"आई, चढ हाय."

"कळालंय मला. मघा चढ हाय हे ठाऊक नव्हतं म्हणून पडले."

या वेळी ती ओरडली नाही. पुढं वाकून, सगळा भार टाकून एकेक पायडल दाबत गेली. चाक डगमगलं, पडतेय असं वाटलं, तरी पाय खाली आला नाही. आजी शेजारून चालत, "दाब गं, दाब माय," म्हणत होती. हळूहळू आजी मागं पडली. मग आम्ही सगळेच. गुलाबी साडी तुरीच्या हिरव्यात लहान लहान होत गेली आणि दिसेनाशी झाली.

काका टॉवेल धरून पुलावरच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं त्याचा फोन वाजला. त्यानं सगळ्यांना ऐकू यावा असा लावला. "मी वाडीत हाय," काकूला धाप लागली होती. "सिस्टरला व्हय म्हणून सांगितलं. शेंगा संपवू नका, मी खाली यायले. आणि वाट मोकळी ठेवा, भरलेला डबा हाय."