पात्रात पडलं ते

लमुनमावशीची मुलगी उपाशी गेली. नवीन ओळख झालेल्या माणसालाही मावशी पहिल्या दहा मिनिटांत हे सांगायची. पोरीचं नाव ओय, वय नऊ. डेंग्यू झाला, जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवलं. पोटात रक्त उतरतंय, तोंडाने काही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरगी दुपारभर म्हणत राहिली, "आई, भूक लागली. मोकेंग दे ना." मावशी मोकेंगसाठी नावाजलेली. नारळाचं दूध, बदकाची अंडी आणि ताडगूळ घोटून भाजलेल्या, खरवसासारख्या मऊ वड्या. त्या दिवशीही पिशवीत डबा होता. मावशीने तो पायाने पलंगाखाली सरकवला. पहाटे पोरगी गेली.

त्याला आता चोवीस वर्षं झाली. मी मालै, मावशीची शेजारीण. थायलंडातल्या आमच्या फेचबुरीत ताडाची झाडं माणसांपेक्षा जास्त आणि प्रत्येक घरात गुळाची काहिली. मी मात्र गावची आरोग्य स्वयंसेविका झाले. लोकांच्या कमरेला टेप लावायची, बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, आकडे लिहून केंद्रात द्यायचे, हे माझं काम. त्यामुळे गाव कसं फुगत गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पूर्वी मी बाळांची वजनं भरत नाहीत म्हणून काळजी करायची. मग एक वर्ष असं आलं की टेप पुरेना.

ओयच्या अंत्यविधीला मंत्र म्हणायला आले होते चॅम भंते. चीवर घेऊन त्यांना तीनच महिने झाले होते. वय तिशीचं, अंगाने इतके काटकुळे की बरगड्या मोजून घ्याव्यात. त्यांचा तो पहिलाच अंत्यविधी. लहानशी पेटी पाहून मंत्र म्हणता म्हणता त्यांचा आवाज दोनदा अडकला, हे माझ्या लक्षात राहिलंय.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी मावशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ओय रोज पहाटे दिसते. उंबऱ्याच्या बाहेर उभी असते, गाल बसलेले. आत ये म्हटलं तरी येत नाही. आमच्याकडे म्हणतात, भुकेला जीव प्रेत होऊन फिरतो. त्याचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं, कितीही दिलं तरी पोट भरत नाही. त्याला पोचवायचं असेल तर भिक्षूच्या पात्रात घालावं आणि मेलेल्याचं नाव घेऊन झाडाच्या मुळाशी पाणी सोडावं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मावशी गल्लीच्या तोंडाशी अनवाणी गुडघे टेकून बसली. भंते समोर आले. तिने पात्रात मोकेंगच्या दोन वड्या ठेवल्या, चाफ्याच्या बुंध्याशी पाणी सोडलं. त्या आठवड्यात ओयने, मावशी म्हणाली, उंबरा ओलांडला.

मग त्यात एक दिवस खंड पडला नाही.

आणि मावशी काही एकटी नव्हती. आमच्या गल्लीत प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं. कुणाच्या नवऱ्याला दाट दुधाची गोड कॉफी आवडायची, कुणाच्या सासूला तळलेलं डुकराचं मांस, मोटरसायकलवरून गेलेल्या एका पोराची आई रोज लाल सरबताची बाटली द्यायची, नळीसकट. मेलेल्यांच्या आवडीनिवडी त्या पात्रात पडत होत्या. भिक्षूने नको म्हणायचं नसतं, अमुक द्या असंही म्हणायचं नसतं. दुपारी बारानंतर अन्न बंद, पण सरबत चालतं. भंत्यांच्या मागे हातगाडी ढकलणारा चुन काका पूर्वी सायकलरिक्षा चालवायचा. तो म्हणायचा, "माणसं ओढली तेव्हा एवढी दमछाक झाली नव्हती."

भंते जाड होत गेले ते कुणाला दिसलंच नाही. पँट घालणाऱ्याला निदान पट्टा सांगतो. चीवराला काय, कितीही मोठं अंग झाकलं जातं. उलट लोक म्हणायचे, चेहरा कसा तेजस्वी झालाय.

एकदा भिक्षूंच्या तपासणीसाठी केंद्राचे लोक विहारात आले. बाईमाणसाने भिक्षूला हात लावायचा नाही, म्हणून मी टेप चुन काकाकडे दिला. त्याने भंत्यांच्या पोटाभोवती तो फिरवला आणि दोन्ही टोकं हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. टोकं भेटत नव्हती. साखर तीनशे बारा निघाली. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं. भंते शांतपणे म्हणाले, पात्रात पडेल ते मी खातो.

म्हणून मी घरोघर गेले. मासे वाफवून द्या, भाज्या द्या, लाल तांदूळ द्या, एवढं सांगितलं. लोकांनी आठवडाभर ऐकलंही. मग कुणाचं तरी वर्षश्राद्ध आलं आणि पुन्हा मेलेल्यांच्या आवडी सुरू झाल्या. लमुनमावशीने तर पहिल्या दिवसापासूनच ऐकलं नाही.

"माझ्या पोरीला उकडलेला कोबी आवडत नव्हता," ती म्हणाली.

"मावशी, खातात ते भंते."

"तुला ती दिसत नाही, मालै. मला दिसते. तू एकदा तिला नाही म्हणून बघ."

चुन काकाने मला नंतर सांगितलं की बाकीचं पुष्कळ उरतं, तो ते कुत्र्यांना आणि गरिबांना वाटतो. मावशीची वडी मात्र भंते मागून घेतात आणि बोटाने पान पुसून खातात.

त्याच काळात मावशीच्या घरात तिची नात बैतोय वाढत होती. मावशीचा मुलगा आणि सून किनाऱ्यावरच्या मासळीच्या कारखान्यात कामाला. आठ महिन्यांची पोर आजीकडे टाकून गेले होते. मावशीने तिला एकदाही भूक लागू दिली नाही. तोंड उघडायच्या आत घास तयार. ती नऊ वर्षांची, ओयच्या वयाची झाली तशी मावशी जास्तच घाबरली. शाळेत जाताना दप्तरात गोड दुधाचे डबे, शाळेतून आल्यावर चिकट भात आणि आंबा, झोपताना वडी. वजन एकसष्ट किलो. शाळेतून चिठ्ठी आली ती मावशीने फ्रिजच्या मागे सारली.

एका दुपारी मी गेले तर न्हाणीत पोर रडत होती. मावशी तिच्या मानेला काथ्याने घासत होती. मानेच्या मागे काळा पट्टा, मखमलीसारखा.

"किती मळ बसलाय बघ," मावशी म्हणाली. "निघतच नाही."

मान सोलवटून लाल झाली होती. मी तिच्या हातातला काथ्या काढून घेतला आणि सांगितलं, मावशी, तो मळ नाही, साखरेची खूण आहे ती, आतून येते. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिथे ती लावली होती.

पावसाळा संपता संपता भंत्यांच्या पायाला काहीतरी लागलं. भिक्षेला अनवाणी जायचं. शिंपल्याचा तुकडा रुतला असेल. त्यांना कळलंच नाही. तळव्याला संवेदनाच उरली नव्हती. चुन काकाला रस्त्यावर ओल्या पावलांचे ठसे दिसले, ते पाणी नव्हतं, पू होता. दवाखान्यात नेलं, पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

मावशी मला सोबत घेऊन भेटायला गेली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. भंते भिंतीला टेकून बसले होते. चादरीखाली एका बाजूला पाऊल होतं, दुसरीकडे चादर सपाट. मावशीने नजर तिथून काढली ती काढलीच.

"पिशवीत काय आणलंय, ताई?" भंत्यांनी विचारलं.

"काही नाही."

"वास येतोय."

मावशी जमिनीवर बसली, तिने हात जोडले. मग तिने ते विचारलं, जे तेवीस वर्षं कुणालाच विचारलं नव्हतं. "भंते, तिला पोचलं का हो?"

भंते खिडकीकडे बघत होते. "तिला पोचलं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत पोचलं, एवढं दिसतंय."

आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. मग ते म्हणाले, "त्या दिवशी तू पोरीला दिलं नाहीस ते बरोबर केलंस. मी तेव्हाच तुला हे सांगायला हवं होतं. नवा होतो, शब्द सुचेनात. वाटलं, आपण खाल्लं की हिचं मन शांत होईल. सोपं होतं ते."

मावशीने पिशवी उघडली नाही. बाहेर आल्यावर दवाखान्याच्या फाटकाशी तिने डबा कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि लगेच वाकून परत काढू लागली. मी तिचा हात धरला.

उन्हाळ्याआधी चॅम भंते गेले. चितेकडे नेताना पेटी उचलायला आठ माणसं लागली. त्यांच्या घरचं कुणी उरलं नव्हतं. चितेवर कागदी फूल ठेवायला मावशी सगळ्यांत शेवटी गेली आणि ओठ हलवत काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही.

त्यानंतर मावशीने काहिली धुऊन पालथी घातली. दुसऱ्या भिक्षूंच्या पात्रात ती आता वाफवलेला मासा आणि भात घालते. पण खरी कसोटी घरात होती. मी पथ्याचा कागद फ्रिजवर चिकटवला होता. तिसऱ्या संध्याकाळी मी तिथेच बसले होते. बैतोयचं जेवण झालेलं. ती आजीच्या मांडीला टेकून म्हणाली, "आजी, भूक लागली. वडी दे ना."

मावशी पांढरीफटक पडली. तिने उंबऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, कारण तिने ज्या रीतीने पाहिलं त्यात तिथे कुणी नाही असं वाटेना. अंगणातला कुत्रा उठून बाजूला सरकला. पोर पुन्हा म्हणाली, भूक लागली. मावशीने तिची मान हाताने कुरवाळली, त्या काळ्या पट्ट्यावरून, आणि म्हणाली, "नाही, बाळ. आज नाही."

पोर रडली, हातपाय आपटले, आजी दुष्ट आहे म्हणाली. पाऊण तासाने तिथेच झोपली. मावशी मागच्या दारी गेली आणि ओकली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"गेली का?" तिने विचारलं.

"कोण?"

मावशी तोंड पुसून उंबऱ्यापाशी बघायला गेली.

या गोष्टीला सात महिने झाले. बैतोयचं वजन वाढायचं थांबलंय, उतरलं म्हणावं तर दोन किलो. मानेचा रंग तसाच आहे. शाळेच्या फाटकावरच्या गाड्यावरून ती चोरून खाते, हे मला माहीत आहे, आणि मावशीलाही. माझ्या वहीत तिच्यासारखी आणखी एकोणीस मुलं आहेत.

मावशी हल्ली उजाडायच्या आधी उठते. पाय न वाजवता पोरीच्या अंथरुणापाशी जाते, उलटा हात तिच्या नाकाशी धरते. श्वास लागला, की मग चूल पेटवते.