वाढत्या अंगाचं धनुष्य

मुलांसाठी काहीही घेताना तुम्ही एक माप मोठंच का घेता? परवा शेजारची मुलगी धनुष्याच्या दोरीला मेण चोळत होती, त्या वासाने मला जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधलं धनुष्यांचं दुकान आठवलं आणि डोकं पुन्हा तापलं. मी तेरा वर्षांची होते. तिरंदाजीच्या क्लबात फोमच्या रानडुकरावर नेम धरायला पहिलं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य घ्यायचं होतं. दुकानातल्या बाईंनी माझ्या हातांचं माप घेऊन एक हलकं धनुष्य दिलं. दोरी सहज गालापर्यंत आली. बाबांनी मात्र भिंतीवरचं सगळ्यात दणकट उतरवायला लावलं. "वाढतं अंग आहे, पुढेही पुरायला हवं." "आल्झो, हे बघा, हा काही कोट नाही," बाई म्हणाल्या, "खांदा जाईल तिचा." मला ओढवत नाही, असं मी जर्मनमध्ये सांगितलं. "मराठीत बोल," बाबा म्हणाले. "आणि पोळ्या खा नीट, ओढवेल." शेवटी दणकटच घेतलं. त्याच हिवाळ्यात खांदा दुखावला आणि क्लबच्या संघातली माझी जागा गेली. आज अंग वाढलंय, पण उजवा हात अजून डोक्याच्या वर जात नाही. बाबा प्रेमापोटीच वागले असतील, पण दोरी ओढायची होती मला, आणि माझं ऐकलं नाही त्यांनी. तुम्ही दुकानात जाल तेव्हा आधी पोराला दोरी ओढू द्या, आणि ते नाही म्हणालं तर धनुष्य परत भिंतीवर टांगा.