पलीकडच्या टोकाचा आवाज

आमच्या गावापुरते माझे बाबा परदेशातले ट्रॅफिक पोलीस होते. खरं म्हणजे ते एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत झेंडीवाले होते. रस्ता अर्धा खोदलेला असला की एका टोकाची वाहनं थांबवायची, दुसऱ्या टोकाची सोडायची, एवढंच काम. पण मंठा तालुक्यातल्या आमच्या वस्तीत त्यांचा फोटो आला. अंगात चमकणारं पिवळं जाकीट, पांढरे हातमोजे, गळ्यात शिट्टी. त्या दिवशी लोकांनी त्यांना पोलीस करून टाकलं आणि आईनं काही ते खोडून काढलं नाही. आखातातला कुठलाही देश आमच्याकडं दुबईच असतो, तसंच गळ्यात शिट्टी असलेला कुठलाही माणूस पोलीस.

आईला मी हसत नाही. गावात ज्यांची बैलगाडी दिसली की आमच्या आजोबांना वाटेवरून खाली उतरून उभं राहावं लागायचं, त्यांच्याच घरातली माणसं आता फोटो बघायला आमच्या दारात येत. "एक हात वर केला की शेखाची गाडीसुद्धा जागेवर थांबते," असं आई त्यांना सांगायची. मग चहा ठेवायची आणि ते तो प्यायचे. त्या चहात तिचं किती सुख होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं, आता बराबर कळतं. फोटो बुद्धाच्या तसबिरीखाली, जरा बाजूला टांगलेला असायचा आणि सणावाराला आई त्याच्यावरची धूळ पदरानं पुसायची.

बाबा कायमचे परत आले तेव्हा मी नुकतीच शिक्षिका झाले होते. आमचे मुख्याध्यापक भलते उत्साही. त्यांनी रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमाला बाबांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि फळ्यावर रंगीत खडूनं 'परदेशातील वाहतूक पोलीस' असं स्वतःच्या हातानं लिहिलं. शाल झाली, नारळ झाला. बाबा बोलायला उठले. माइक हातात घेतला तशी त्यातून खरखर आली आणि बाबा गप्पच झाले. दाराकडं बघत राहिले. एवढा वेळ की मुलं चुळबुळ करायला लागली. मग म्हणाले, "आवाज आल्याबिगर जागा सोडायची न्हाई," आणि खाली बसले. मुलांना टाळ्या वाजवायला आधीच शिकवून ठेवलेलं होतं, त्यांनी वाजवल्या. स्टाफरूममध्ये आता काय काय बोलतील या विचारानं माझं डोकं तापलं होतं. बाबांच्या कपाळावर घाम होता, तो मी पाहिला, पण उन्हाळा होता.

त्या वाक्याचा अर्थ मला आईनं सांगितला, तोही जाण्याच्या थोडं आधी. ती जालन्याला दवाखान्यात होती. बाबा खाली चहा आणायला गेले तेवढ्यात तिनं माझा हात धरला. म्हणाली, "तुह्या बापाला रस्त्यापाशी एकटं सोडू नको माय." आणि मग ती जे सांगत गेली ते असं.

तिकडं एका रस्त्याचं काम चालू होतं. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला एक नेपाळी तरुण. दोघंही परके, दोघंही एकाच खोलीत राहायचे, एकाच भांड्यात शिजवायचे. तो बाबांना 'दाजू' म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. मधे वाळूची टेकडी आणि वळण, त्यामुळं कामावर मात्र एकमेकांना दिसायचे नाहीत. दोघांकडं वॉकीटॉकी. बाबा विचारायचे, "खुला?" तो म्हणायचा, "खुला, दाजू," की बाबा आपल्या बाजूच्या गाड्या सोडायचे. दिवसभर दोघांचं हेच बोलणं. कंपनीचा नियम कडक होता. पलीकडून उत्तर आलं नाही तर रस्ता बंद समजायचा, गाडी सोडायची नाही आणि आपली जागाही सोडायची नाही.

एका दुपारी धुळीचं वादळ उठलं. बाबांनी विचारलं, "खुला?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. वॉकीटॉकीतून नुसती खरखर आली आणि थांबली. परत आली, परत थांबली. धुळीमुळं मशीन बिघडलं असेल असं बाबांना वाटलं. त्यांच्यामागं गाड्यांची रांग लागली, लोक भोंगे वाजवू लागले, खाली उतरून शिव्या देऊ लागले. बाबा हात वर करून उभेच. शेवटी साहेबाची जीप वळसा घालून आली तेव्हा कळलं की तिकडं त्या पोराला एका गाडीनं उडवलं होतं. तो रस्त्याच्या कडेला पडला होता, गाडी थांबलीच नव्हती. तोंडातून शब्द निघत नव्हता, पण वॉकीटॉकीचं बटण तो दाबत होता. सापडला तेव्हा अंगठा बटणावरच होता.

कंपनीनं बाबांचं कौतुक केलं. अशा धुळीत गाड्या सोडल्या असत्या तर समोरासमोर धडकून किती माणसं गेली असती, असं साहेब म्हणाला. बाबांना नवे हातमोजे दिले, उभं केलं आणि फोटो काढला. आमच्या भिंतीवर होता तो हाच फोटो.

मला रडायला यायला हवं होतं, पण आधी रागच आला. हे माहीत असताना इतकी वर्षं तो फोटो भिंतीवर ठेवलास कसा, असं मी आईला विचारलं. ती छताकडं बघत म्हणाली, "लोक येत व्हते ना माय घरी." तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले आणि ती माझ्या शाळेच्या बदलीबद्दल बोलायला लागली.

आई गेल्यावर मी बाबांना शहागडला घेऊन आले. माझी बदली तिथंच झाली होती. नवऱ्याचं घर मी त्याआधीच सोडलं होतं, ते पुराण वेगळं आहे. हायवेवरच्या हॉटेलांच्या मागं दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मागं गोदावरी, पुढं ट्रकच ट्रक. आईचं सांगणं मी विसरले नव्हते, पण शाळेपासून जवळ दुसरी जागा नव्हती. आणि तिथंच बाबांना विसरण्याचा आजार लागला. पहिल्यांदा ते सकाळी काय जेवले ते विसरायचे. मग माझा नवरा विसरले, याचं मला काही दुःख झालं नाही. मग आई गेली हेही विसरले आणि ती मंठ्याच्या बाजाराला गेलीय असं समजून दुपारभर वाट बघायला लागले. सगळं असं एकेक पुसून चाललेलं असताना ती एक दुपार मात्र त्यांच्यात ताजी होत गेली. त्यांच्या आणि त्या दुपारच्या मधलं सगळं निघून गेल्यामुळं ती अगदी जवळ आली असावी, असं मला वाटतं.

ते रोज दुपारी अंगात सदरा घालून बाहेर पडू लागले. आमची गल्ली हायवेच्या बाजूच्या रस्त्याला मिळते त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. डावी मूठ कानाशी, उजवा हात वर. उसाचे ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकली, सगळे त्यांना बघून आधी हसत, पण थांबत. अंगठ्या घातलेले बागायतदारसुद्धा थांबत. आईनं हे बघायला हवं होतं असं मला एकदा वाटून गेलं आणि स्वतःचीच शिसारी आली. मी दाराला कुलूप घालून बघितलं, तर तळहात सुजेपर्यंत त्यांनी दार बडवलं. मग समोरच्या चहावाल्याला नजर ठेवायला सांगितलं. तो त्यांना 'हवालदारसाहेब' म्हणायचा आणि उभ्या उभ्याच चहा पाजायचा.

मी शाळेतून आले की म्हणायचे, "बाबा, चला ना घरी."

"कसं येऊ? तिकडून आवाज न्हाई आला आणखी. तू जाय माय."

एकदा वैतागून मी त्यांच्या पाठीमागं जाऊन म्हणाले, "खुला." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तसं केलं नाही. माझ्याकडून सगळं ऐकल्यावर चहावाल्यानंही एकदा हॉटेलाच्या पाटीआड उभं राहून जाड आवाजात "खुला है, दाजू" म्हणून बघितलं. बाबा शांतपणे म्हणाले, "तू न्हाईस तो." दिवस मावळला की ड्युटी संपायची, तेव्हा आपले आपण घरी यायचे.

सगळ्यात वाईट खरखर होती. टीव्हीची वायर सैल झाली, चुलाणात पाचट जळालं, पुलावर गेल्यावर माझ्या फोनची रेंज तुटली की बाबा ताडकन उभे राहायचे आणि मूठ कानाला लावायचे. "बोल," म्हणायचे. "बोल ना, ऐकून राह्यलो." उत्तराची वाट बघताना त्यांचा चेहरा मला बघवत नसे. हळूहळू मलाच भीती बसली. शाळेत प्रार्थनेआधी भोंगा खरखरला की माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता मी झटकन मागं वळले. वर्ग चिडीचूप बसला होता, पोरं माझ्याकडं बघत होती. कोणी आवाज केला म्हणून मी विचारलं, तर कोणीच केला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात, परीक्षा चालू असताना, एका दुपारी वारं सुटलं. नदीच्या कोरड्या पात्रातली माती वर उठली आणि हायवे पिवळा झाला. मी ओढणी तोंडाला बांधून आले तर कोपऱ्यावर बाबा नव्हते.

"पुलाकडं गेले," चहावाला घाबऱ्या आवाजात म्हणाला. "आजपोतर कधी जागा सोडली न्हाई बगा त्यांनी. म्या मागं धावलो तर हातानं थांब म्हणले. गिऱ्हाईक सोडून आता दुकान बंदच करून राह्यलो होतो."

मी पळाले. धुळीत ट्रक दिवे लावून जात होते. प्रत्येक ट्रकच्या करकचून लागलेल्या ब्रेकबरोबर माझा जीव जात होता. ते सापडतील ते कुठल्या तरी चाकाखालीच, अशी माझी खात्री झाली होती. पुलाच्या अलीकडं ट्रक उभे करायची मोकळी जागा आहे, तिथं ते मला दिसले. एका ट्रकच्या आडोशाला एक ड्रायव्हर चादर टाकून आडवा झाला होता. बाबा त्याच्या उशाशी बसले होते आणि त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. वाऱ्याकडं पाठ करून, त्याच्या तोंडावर धूळ येऊ नये असे बसले होते.

ड्रायव्हर जागा होता. तरणा, मिशी नुकती फुटलेला, उत्तरेकडचा कुठला तरी. मी आले तसं त्यानं मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी मला विचारलं, हे काय आहे म्हणून. मी काही सांगायच्या आत बाबा बोलले.

"आवाज सुना था मैंने," ते त्याला म्हणाले. "समझा नहीं. मशीन का समझा."

ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. माझे डोळे वाहत होते, धूळ म्हणून खपलं असतं. मी फक्त हात जोडले.

त्याला काय कळलं कोण जाणे. तो बाबांकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "कोई बात नहीं, चाचा."

"बहुत दर्द हुआ क्या?"

"नहीं चाचा. कुछ पता ही नहीं चला."

"मैं जागा छोड़ के नहीं आया."

"आ तो गए," तो म्हणाला. "अब आ गए ना."

बाबा मान खाली घालून रडले. मी त्यांना आईच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. त्या पोरानं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, बाटलीतलं पाणी पाजलं आणि मला म्हणाला की त्याचे आजोबाही असेच होते. मी त्याचं नावगाव विचारलं नाही. विचारलं असतं तर तो दुसराच कोणी तरी झाला असता आणि तेव्हा मला ते नको होतं.

घरी येताना बाबांनी कुठंच मूठ कानाला लावली नाही. भाकरी मागून घेतली, पोटभर जेवले, आणि ओसरीवर आडवे होताच त्यांना झोप लागली. त्यांचा श्वास ऐकत मी बसले होते. मला इतकं हलकं वाटत होतं की उद्यापासून हा माणूस दुपारी घरी झोपेल, मी त्यांना नदीवर फिरायला नेईन, असले बेत मी करून टाकले.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपार झाली तसे बाबा उठले, सदरा चढवला आणि चपला शोधायला लागले. मी दारात आडवी उभी राहिले.

"कुठं निघालात?"

"ड्युटीला. आवाज न्हाई आला तिकडून."

"बाबा, काल भेटला ना तो तुम्हाला. बोललात तुम्ही त्याच्याशी. काही दुखलं नाही म्हणाला तो."

"कोण?"

"तुमच्या खोलीतला. नेपाळी."

ते चप्पल पायात घालता घालता थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता.

"जित्ता हाय तो?"

आदल्या दिवशी जे मिळालं होतं ते त्यांच्याकडं उरलंच नव्हतं, ते सगळं माझ्याकडं राहिलं होतं. नाही म्हटलं असतं तर तो त्यांच्यासाठी त्या दारात पुन्हा एकदा मेला असता. मी म्हणाले, "हो. जिवंत आहे."

बाबा हसले. मग मला हळूच बाजूला करून ते बाहेर गेले, कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिले. मी मागोमाग जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले होते. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मंग बोलत का न्हाई तो?"