निरोप घेऊन गावातच राहिलेला कामिनिएली

कामिनिएलीनं घाई केली, एवढाच त्याचा गुन्हा.

ऑस्ट्रेलियातल्या संत्र्यांच्या बागेत नऊ महिने काम करायला आमच्या बेटावरून तिघांची निवड झाली होती. त्यात हा माझा आत्तेभाऊ. नीट चालणारा फोन गावात माझाच, म्हणून त्याचे सगळे निरोप माझ्याकडे येत. एका सकाळी ‘वैद्यकीय तपासणी पूर्ण’ असा निरोप आला. त्यानं तो दोनदा वाचला, व्हिसा मिळालाच असं ठरवलं आणि संध्याकाळी यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन थेट रातूंच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखांच्या, घरी गेला.

परदेशी जाणाऱ्यानं गावच्या रातूंचा असा निरोप घ्यायचा असतो. रातूंनी जुडीला हात लावला, बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, यंगोना कुटून पाण्यात कालवली आणि जीभ बधिर करणाऱ्या त्या पेयाची करवंटी सगळ्यांच्या हातून फिरली. झालं. गावाच्या लेखी माणूस गेला.

फक्त व्हिसा आला नाही.

बाकी दोघांचे व्हिसा पंधरा दिवसांत आले, ते गेलेही. कामिनिएली रोज सकाळी मला पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर ओढून न्यायचा, कारण रेंज तिथंच.

“काय म्हणतंय?”

“प्रक्रियेत.”

“काल पण प्रक्रियेतच होतं.”

“आज जास्त प्रक्रियेत आहे. आणि इथं लिहिलंय, दहापैकी नऊ अर्ज महिन्याभरात निकाली निघतात.”

“मग दहावा कोणाचा?”

मी त्याच्याच छातीवर बोट टेकवलं. आत्ते-मामेभाऊ म्हणजे आमच्याकडे एकमेकांचे ‘तावले’; त्यांनी एकमेकांची टिंगल करायची हा हक्क आहे आणि त्यावर चिडायचं नाही हा कायदा. तो चिडला नाही, पण टेकडी उतरताना माझ्या पुढे चालला.

चेष्टा वगळली तर प्रकरण गंभीर होतं. त्याची लेक लितिया खाडीपलीकडच्या शाळेत, वसतिगृहात. घरच्या होडीला इंजिन बसवलं तर ती दर शनिवारी घरी येऊ शकणार होती, आणि ते इंजिन संत्री तोडूनच येणार होतं. बागवाल्यानं कळवलं होतं, मे संपेपर्यंत व्हिसा नाही आला तर यादीतला पुढचा माणूस घेऊ.

इकडे गावानं आपल्या बाजूनं रीत चोख पाळली. सोमवारी सगळे मिळून गावातलं गवत कापतात. कामिनिएली कोयता घेऊन आला, तर रातूंच्या वतीनं बोलणारा मायकेली म्हणाला, “अरे, हे कोण? आपला माणूस तर ऑस्ट्रेलियात आहे. पाहुण्याला कामाला लावता? सावलीत बसवा, शहाळं द्या.” बिचारा दोन तास शहाळं धरून बसला. काम न करण्याची एवढी शिक्षा मी दुसऱ्या कोणाला झालेली पाहिली नाही.

घरी लोआता, त्याची बायको, नारळाच्या दुधातले मासे वाढताना म्हणायची, “संकोच करू नका पाहुणे, आपलंच घर आहे.”

“लोआता, पुरे.”

“तिकडे असलं मिळत नसेल ना?”

मी सुचवलं, “तावले, अजून एक जुडी ने, रातूंना सांग परत आलो. सुटशील.”

“परत आलो म्हटलं की जाणं संपलं,” तो म्हणाला. “मी नाही म्हणणार.” हे तो हसून म्हणाला नव्हता. त्यानंतर आठवडाभर मी चिडवायला म्हणून त्याच्याकडे ऑस्ट्रेलियातल्या थंडीची चौकशी केली नाही. आठवडाभरच.

एकोणतीस मे, गुरुवार. टेकडीवर मी फोन उघडला आणि वाचतच राहिलो.

“बोल की! अजून जास्त प्रक्रियेत?”

“मंजूर.”

त्यानं मला उचललं. मी काही हलका नाही, तरी उचललं. मग माझ्या हातात फोन आहे हे लक्षात येऊन अलगद खाली ठेवलं. फोनसाठी.

आठवड्याची बोट चारला सुटणार होती. बाराला त्याची पिशवी तयार. तेवढ्यात मायकेली दारात. “निघालास? पण तू इथं आहेसच कुठं? आधी ये, मग जा.”

जुडी होती, पण एक. दुसरी मी आमच्या मळ्यातून उपटून आणली. रातूंनी पहिल्या जुडीला हात लावला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “ये बाळा. प्रवास कसा झाला?”

कामिनिएली मान खाली घालून म्हणाला, “बरा झाला, रातू.”

“तिकडची माणसं कशी आहेत?”

“थोडी सावकाश काम करतात.”

मायकेली आधी फुटला, मग अख्खं घर. रातूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. करवंटी फिरली. ती खाली ठेवेपर्यंत दुसरी जुडी पुढे आली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी आला आणि गेला असा माणूस आमच्या गावात आजवर झाला नव्हता. उठताना रातू त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “या वेळी मात्र थांबू नकोस हं.”

किनाऱ्यावर लोआतानं त्याची कॉलर सारखी केली. सात आठवडे त्याला पाहुणा म्हणणाऱ्या तिनं ती पुन्हा एकदा सारखी केली. बोट सुटल्यावर कामिनिएली कठड्यावरून काहीतरी ओरडला, पण दोन वेळच्या यंगोनानं जीभ बधिर झालेली, एक शब्द कळला नाही.

“काय म्हणाले?” लोआतानं विचारलं.

“कोण जाणे,” मी म्हणालो. “पण खुशीत आहे.”

ती पाण्यात गुडघाभर शिरून दोन्ही हात हलवत राहिली.