पोपटखेडपासून अकोटापर्यंत चार बैल

नोकरीतल्या कितीतरी गुन्ह्यांची नावनिशाणी मनातून पुसली गेली. पण त्या चैत्रात अकोल्याच्या ठाण्यात जे घडलं ते अजून माझी पाठ सोडत नाही. त्यातली काही माणसं हयात असतील, म्हणून नावं देत नाही.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. जो तो कापसाच्या मागे. प्रत्येक व्यापाऱ्याला नवा कारखाना बांधायचा होता, त्यामुळे सागवान मिळत नव्हतं आणि वाहतुकीला गाडी मिळत नव्हती. मी साताऱ्याकडचा, नवाच फौजदार. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. टपालाचा माणूस ठाण्यावरून पुढे गेला की माझा तो दिवस फुकट जाई.

अकोल्यात सरकारी दवाखाना बांधला जात होता. लाकूड मेळघाटातून येई. जंगल खात्याने झाडं पाडून ठप्पा मारायचा, ठेकेदाराने गाड्यांनी ती अकोल्याला पोचवायची, बांधकाम खात्याने ठप्पा पाहून ताब्यात घ्यायची, अशी रीत. एके दिवशी भर दुपारी छपराची मधली तुळई मोडली. खाली एक सुतार जागीच मेला, दुसऱ्याचा पाय गेला. पंचनाम्याला मी स्वतः होतो. तुळई आतून किडलेली होती. भोकं लाखेने बुजवून वर तेल चोळलं होतं. सरकारी ठप्पा मात्र ठसठशीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याच्या ओट्यावर मोडी अक्षरातली निनावी चिठ्ठी सापडली. जंगल खात्याचा डोंगरातला ठप्पेवाला, जातीने कोरकू, दारूच्या बदल्यात किडक्या लाकडावर ठप्पे मारतो, असा मजकूर होता. ठप्पा त्याच्याच हातात असे, तेव्हा संशयाला जागा होती. दोन शिपाई पाठवून मी त्याला आणवला.

चाळिशीचा असेल. काटक, अबोल. जबानीत त्याचं एकच उत्तर, "मी नाई केलं, साहेब." दोन दिवस मी दरडावून पाहिलं, दोन दिवस गोडीने. तो नजर चुकवत नव्हता, पण बचावही करत नव्हता. फक्त भाकरी द्यायला गेलेल्या शिपायाला रोज विचारी, "मोह गळून राहिला असंल का आता?"

शिपाई हसायचे. मग एकदा मीच विचारलं, "एवढं काय आहे त्या मोहात?"

"आमचं पावसाळ्याचं खाणं हाय, साहेब," तो म्हणाला. "पहाटे फुलं गळतात. ऊन चढायच्या आत येचावं लागते, नाई त जनावरं खातात. घरी बायको एकलीच हाय. माय आंधळी." मग म्हणाला, "सारं गाव झाडाखाली असते तवा. मी एक नाई."

माझं घरही रिकामंच होतं. आपल्या माणसांपासून लांब राहणं काय असतं ते मला कळत होतं. तरी मी त्याला सोडला नाही. कागदावर त्याच्याविरुद्ध ठप्पा होता आणि मला नोकरी टिकवायची होती.

मी तिन्ही ठिकाणी पत्रं पाठवली. उत्तरं यायला आठ दिवस लागले. जंगल खात्याने कळवलं, लाकूड निर्दोष पाठवलं, डोंगर उतरल्यावर आमची जबाबदारी संपते. बांधकाम खात्याने कळवलं, ठप्पा असेल ते लाकूड आम्ही घेतो, तपासणी हे जंगल खात्याचं काम. ठेकेदार म्हणाला, मी फक्त ओझं वाहतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि सुतार मेलेला. या तिघांनी एकमेकांचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी मी ठरवलं की कागद पुरे, आता माणसं पाहू. कोरकूला घेऊन दवाखान्याच्या आवारात गेलो. बांधकामाचा ओव्हरसियरही होता. कोरकूने बेडी घातलेल्या हातांनीच एक ओंडका चाचपला, बोटाच्या पेराने ठोकला आणि पहिल्यांदाच आपण होऊन बोलला.

"हा माह्या हातचा ठप्पा नाई. आमी बुडाकडे मारतो. शेंड्याकडे दोर बांधून ओढतात ना, तिकडे मारला त दगडावर घासून जाते. हा शेंड्याकडे हाय."

ओव्हरसियर चमकला. "वर्षभर मी हे ठप्पे पाहतोय," तो म्हणाला, "पण ही गोष्ट मला कोणी सांगितलीच नाही."

"तुमी कदी इचारलं?" कोरकू म्हणाला. त्यात राग नव्हता.

मग जुन्या शहरातून गाडीवानांच्या चौधरीला बोलावलं. म्हातारा मुसलमान, दाढीला मेंदी, बोलणं सडेतोड. वाटेवरच्या अकोटाच्या अलीकडचे आणि पलीकडचे गाडीवान त्याच्याच हुकमातले. त्याला मी विचारलं, वाटेत कधी काही वेगळं दिसलं का?

"दिसलं ना, हुजूर. पण आमाले कोन पुसते? पोपटखेडपासून अकोटापर्यंत एका गाडीले चार बैल लागत. अकोटाहून अकोल्याले तेच लाकूड दोन बैल हसत आणत."

"तिकडे घाट आहे म्हणून असेल," मी म्हणालो.

चौधरीने माझ्याकडे पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "घाट त पोपटखेडलेच संपते, साहेब. तिथून अकोट सपाट हाय. ओझं बदललं अकोटात, ठेकेदाराच्या वाड्यात. तिथं आमचे गाडीवान उतरवतात अन् दुसरे भरतात."

किडकं लाकूड पोकळ म्हणून हलकं, हे मग कोणी समजावून सांगायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी चौधरीला घेऊन मी अकोट गाठलं. ठेकेदाराला समोर बसवून लाकडाचं नाव न काढता एवढंच विचारलं, "पोपटखेडपासून चार बैल का लावता?"

"घाटाचा रस्ता आहे, साहेब."

मी दारापाशी उभ्या असलेल्या चौधरीला आत बोलावलं. त्याने ठेकेदारासमोरच बैलांचा हिशेब सांगितला. दुपारपर्यंत ठेकेदाराने कबुली दिली. चांगलं सागवान कापसातून सरकी काढायच्या एका नव्या कारखान्याच्या छपराला चढलं होतं; ठप्पा जावा म्हणून बुडाकडून वीतभर कापून. दवाखान्यासाठी किडका माल धाडला जाई, आणि खोटा ठप्पा गावातल्याच लोहाराने घडवला होता. किडक्या ओंडक्यांची बुडं भुसभुशीत, म्हणून तो शेंड्याकडे मारला जाई. निनावी चिठ्ठीही ठेकेदाराचीच. कारखान्यातल्या तुळया कोरकूला दाखवल्या, तेव्हा एकीवर हात ठेवून तो म्हणाला, "हे माह्या गावच्या नाल्यावरचं झाड हाय." आणि बराच वेळ त्याने तो हात काढला नाही.

सतरा दिवसांनी मी त्याची बेडी काढली. मोह संपला होता. मी खिशातून काही द्यायला लागलो, ते त्याने घेतलं नाही. उलट म्हणाला, "पुढच्या मोहाले येजो साहेब, घरी."

वरच्या साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी हुकूम काढला, की यापुढे अकोटात जंगल खात्याचा माणूस, ओव्हरसियर आणि चौधरी या तिघांनी मिळून प्रत्येक ओंडका पाहायचा, मगच गाडी पुढे जायची. जंगल खात्याकडून तोच कोरकू येई. बंदोबस्ताच्या निमित्ताने मीही जाई. लिंबाखाली चौघे बसायचो. कोरकू ओंडका ठोकून दाखवी, ओव्हरसियर कान लावी, चौधरी बैलांवरून वजन सांगे. ओव्हरसियर ब्राह्मण, चौधरी मुसलमान, कोरकू डोंगरचा. पण लाकडाजवळ ते विसरून बोलत. दोन वर्षं एकही खराब तुळई आली नाही. दवाखाना उभा राहिला. बायको मुलीला घेऊन आली होती, तरी सकाळ झाली की मन त्या लिंबाखाली जाई.

मग माझी बदली अमरावतीला झाली. आगगाडी आली, लाकूड दुसरीकडून येऊ लागलं, तो हुकूम आपोआप मागे पडला. दर चैत्रात मी म्हणे, यंदा मोहाला जाऊ. कधी बंदोबस्त, कधी साहेबांचा दौरा. पेन्शन झाल्यावर एकदाचा कोरकूच्या गावी गेलो, चिखलदऱ्यावरून दोन दिवस चालत. त्याच्या झोपडीत त्याची बायको, आता म्हातारी, मोह वाळवत बसली होती. मी ओळख सांगितली.

"त्यो गेला," ती म्हणाली. "पाच पावसाळे झाले. मोह आला का वाटेवर जाऊन बसे. म्हने, फौजदार येनार हाय."

मी तिच्याजवळ बसलो आणि ओंजळीने फुलं पसरू लागलो. तिने नको म्हटलं नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. गुन्हेगार हुशार होता म्हणून ती तुळई मोडली नाही. झाड पाडणारा, ते वाहणारा आणि बांधणारा कधी एका ठिकाणी उभे राहिले नाहीत म्हणून मोडली. तिघांना एकत्र आणायला मला एक सकाळ लागली. ती सकाळ मी पहिल्याच दिवशी आणू शकलो असतो. आणि कोरकूच्या गावी जाण्यासाठी मला आठ दिवसांची रजा पुरली असती. ती मी कधी मागितलीच नाही.